खांबाजवळची जागा

“मग त्या पोरीनं कुठल्या ओळीत उभं राहायचं, तेवढं सांगा, बाबा!”

देवढे गुरुजी तक्क्यात, फकिराच्या मठीत, पाय ठेवतानाच बोलले. हयातशा फकीर धुनीत लाकूड सारत होते. मी शाळेच्या समितीवरचा, म्हणून सोबत गेलेलो.

सरकारी शाळेत गुरुजींनी धर्माचा तास सुरू केला होता. कुणावर अन्याय नको म्हणून सकाळी तीन ओळी... हिंदूंची, मुसलमानांची, बौद्धांची. ज्याची त्याची प्रार्थना.

तिसरीतली चांदणी कुठंच बसेना. बाप गुरवाघरचा, आई मुलाण्यांची. ती झेंड्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. पोरं तिला ‘खांबीण’ म्हणू लागली. सोमवारपासून ती आईबरोबर कांदे काढायला जाते.

“तुम्ही सांगाल ती ओळ ती धरेल,” गुरुजी म्हणाले. “नाहीतर शाळा सुटली तिची.”

“आधी ओळी कशा होत्या?”

“उंचीप्रमाणे.”

“आणि ती?”

“सगळ्यांत पुढं. बुटकी आहे ना.”

बाबांनी धुनीतली राख उकरली...

मला राहवलं नाही. म्हटलं, “गुरुजी, मी मीठ विकतो. ते कुणाच्या चुलीवर जाणार, हे विचारत बसलो असतो तर दोन महिन्यांत शटर ओढावं लागलं असतं.”

“शेठ, शाळा म्हणजे किराणा नव्हे!”

तेही खरंच.

बाबांनी एवढंच विचारलं, “उद्या शाळा किती वाजता भरते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेकडे येताना चांदणी मला शेतात दिसली. हाक मारली. तिनं मान वर केली नाही.

शाळेत बाबा आधीच आले होते. खांबाला टेकून उभे.

“बाबा, तुमच्या ओळीत या ना,” गुरुजी म्हणाले.

बाबा हलले नाहीत. तिन्ही प्रार्थना झाल्या. गुरुजी हजेरी घेऊ लागले.

“चांदणी?”

“खांबीण कांदे काढतीय, सर!” ओळी खदखदल्या. तिन्ही एकदम.

“हजर,” खांबाजवळून बाबा म्हणाले.

हसू थांबलं.

गुरुजींचा आवाज उतरला. “बाबा... ती शेतात आहे. ही हजेरी खोटी होईल.”

बाबांनी तिन्ही ओळींवरून नजर फिरवली...

“मग खरी मांडा, गुरुजी. इथं तीन धर्म आलेत, पोरं कुठं आहेत? ती सोडून सगळे गैरहजर.”