हिरव्या शाईचं पेन

स्पेनमध्ये हौसेने घेतलेल्या दोन गिटारी घेऊन शाल्मली तांडेल विमानतळावर उतरली, आणि कस्टमच्या भोईटेसाहेबांनी तिला अडवलं.

"माणूस एक, गिटारी दोन. म्हणजे विकायला आणल्यात. एक जप्त."

जप्तीच्या कागदावर सही करायला साहेबांनी खिशातल्या दोन पेनांपैकी हिरवं काढलं. ते पाहून तिने घसा खाकरला.

"साहेब, तुम्ही एक, मग पेनं दोन कशाला?"

"निळं लिहायला. हिरव्या शाईने सही फक्त मोठा अधिकारी करतो," साहेब ऐटीत म्हणाले.

"माझंही तसंच. एक गाण्याच्या साथीला, एक एकटीनं वाजवायला. तरी माणशी एकच म्हणत असाल, तर ठेवा गिटार. फक्त ते हिरवं पेन मला द्या."

साहेबांनी जप्तीचा कागद बाजूला सारला. मग हिरवं पेन गुपचूप निळ्याशेजारी खिशात गेलं, आणि दोन्ही गिटारी शाल्मलीच्या खांद्यावर.