सगुणाचं खातं

गाव लहान होतं, पण तिथल्या पतसंस्थेचे चेअरमन दाजीसाहेब फार मोठे होते. त्यांच्या मते त्यांच्याहून उंच गावात एकच गोष्ट होती, देवळाचा कळस.

या पतसंस्थेत सगुणाच्या आईने अंडी विकून लेकीच्या नावाने पैसे साठवले होते. सगुणा तेव्हा चार वर्षांची होती, म्हणून खात्यावर पालक म्हणून बापाचं नाव लागलं. पुढे बाप घर सोडून गेला तो परकाच झाला. आता आईही राहिली नव्हती. तेवीस वर्षांच्या सगुणाला त्या पैशांतून पिठाची गिरणी घ्यायची होती.

"बापाची सही आण," दाजीसाहेब म्हणाले.

"बारा वर्षांत त्यांनी तोंड दाखवलं नाही, साहेब. आणि मी आता सज्ञान आहे."

"घरी असशील! माझ्या दप्तरात तू अजून अज्ञान बाळच आहेस, पोरी."

सगळी कचेरी हसली.

सगुणा सावकाश म्हणाली, "मग तेवढं लिहून द्या, साहेब. गेल्या महिन्यात संस्थेच्या मतदानाला तुम्हीच मला तुमच्या जीपमधून नेलंत. अज्ञान बाळाचं मत काही धरत नाहीत. आणि तुम्ही तर एकाच मताने निवडून आलात."

हसणं जागच्या जागी थांबलं. दाजीसाहेबांनी घाम पुसला आणि शिपायाला हाक मारली, "अरे, सगुणाताईंना खुर्ची दे! आणि पैसे काढायची स्लिप आण."

पंधरा दिवसांत गिरणी सुरू झाली. दाजीसाहेबांच्या घरूनही दळण आलं, आणि सगुणाने ते अगदी मायेने, बारीक दळून दिलं.