खेकड्याच्या रेघा

माणसाने बाजार मांडला त्याच्या फार आधी आमच्या खाडीकाठी जनावरांचा बाजार भरायचा. तिथे जांभळाच्या झाडातले वाटे, म्हणजे येणाऱ्या फळांतले हिस्से, शिंपले मोजून विकले जायचे. मी, म्हणजे खेकडा, त्या बाजारातला मोठा जाणकार. निदान मी तसं सांगत असे.

माझी पद्धत साधी होती. गेल्या दहा दिवसांच्या भावाची सरासरी काढून वाळूत रेघ ओढायची. भाव रेघेच्या वर असेल तर कल चढता, वाटा ठेवायचा. खाली आला तर कल उतरता, विकून मोकळं व्हायचं. गोगलगायीला ही पद्धत मीच शिकवली.

एक दिवस भाव रेघेखाली आला. माझे साठवलेले सगळे शिंपले त्या झाडात अडकलेले. विकायला नांगी उचलेना. मग मी वीस दिवसांची रेघ ओढली. भाव तिच्या वर होता. जीव भांड्यात पडला! चार दिवसांनी भाव तिच्याही खाली गेला, तेव्हा पन्नास दिवसांची ओढली.

"खेकडेभाऊ, भाव उतरतोय आणि तुम्ही रेघा बदलताय," गोगलगाय म्हणाली.

"बाई, तुमचा अभ्यास कमी पडतो," मी म्हणालो.

शंभर दिवसांची रेघ ओढून मी डोळे वर केले, तर माझा वाटा कुणी फुकटही घेईना. गोगलगाय मात्र पहिल्याच रेघेला आपला वाटा विकून निघाली होती आणि सरपटत का होईना, माझ्या आधी बाहेर पडली होती.

तोवर मी सरळ चालायचो. आता तिरका चालतो. पोरं कारण विचारतात. काय सांगू? समोरून गोगलगाय येताना दिसते.