एकशे त्रेपन्न नंबरचा मका

एका गावात एक भोळा माणूस होता. तो मीच. दहावी पास असल्यामुळे मला कुणी तोंडावर भोळा म्हणत नसे. सांगकाम्या म्हणत.

गावाबाहेर मक्याचं संशोधन केंद्र होतं, तिथे मी मजुरीला होतो. तिथल्या गावितबाई तीन वर्षं एक मका घडवत होत्या. डोंगरातल्या पाड्यांवर पोरं दोन्ही वेळ मक्याची भाकरी खातात, तरी अंगी लागत नाही. बाईंच्या मक्यातलं प्रथिन अंगी लागणार होतं. पण दोनशे रोपांपैकी कुणात तो गुण उतरलाय, हे डोळ्यांना दिसत नाही. पान तपासून जनुकाची खूण शोधावी लागते.

"सुपडूभाऊ, रोपांची पानं आणा."

मी पहिली ओळ बोडकी करून भारा आणला.

"अहो, बैलांना घालायचाय का? नखाएवढा तुकडा पुरे! बाकीचं तसंच राहू द्यायचं."

लक्षात ठेवलं.

तुकडे नळ्यांत भरून शहरात तपासणीला गेले. नळीवर जो नंबर, तोच रोपाजवळ खोचलेल्या पट्टीवर; नंबर ओळीने नव्हते, नळी हाती आली तसे.

मग बाई म्हणाल्या, "तण काढा."

मी दिवसभर वाकून प्रत्येक तणाचा नखाएवढा तुकडा काढला. बाकीचं तसंच राहू दिलं. संध्याकाळी एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने वाटी पुढे केली.

बाईंनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मुळापासून उपटायचं हो! एकही वावरात दिसता कामा नये."

हेही लक्षात ठेवलं.

महिन्याभराने बाई अहवाल आणायला निघाल्या. "पट्ट्यांवर चिखल उडालाय, भाऊ. नंबर नीट दिसतील असं करा. तुरे फुटतायत, उद्याच परागीकरण करायचं. हुकलं तर वर्ष गेलं."

मी पट्ट्या मुळापासून उपटल्या. एकही वावरात दिसू दिली नाही. धुतल्या, पुसल्या, क्रमाने डब्यात लावल्या.

दुसऱ्या दिवशी बाई लांबूनच हात हलवत आल्या.

"सात रोपं निघाली, सुपडूभाऊ! एकशे त्रेपन्न आधी दाखवा."

मी डबा उघडला. एकशे त्रेपन्न काढून त्यांच्या हातात ठेवला. अक्षर न् अक्षर लखलखीत.

बाईंनी पट्टी पाहिली. मग सगळं वावर पाहिलं. सारखंच हिरवं, सारखंच उंच.

"आणि झाड?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"झाडं सगळी जागच्या जागी आहेत, बाई. ती कशी उपटेन? तेवढा भोळा नाही मी."