गाईच्या चित्राचा पुडा

शेवंताबाई बिराजदार चौथी शिकलेल्या, पण शाळा समितीवर होत्या. जिल्ह्याहून आलेले तज्ज्ञ देवस्थळी साहेब अक्षरांचा तास बंद करायला निघाले होते आणि त्यासाठीच्या कागदावर बाईंची सही मागत होते.

“संशोधन सांगतं, मूल चित्रावरून अंदाज बांधत वाचायला शिकतं. बघा, तुमची नात कशी घडाघडा वाचतेय.”

बाईंना आधीपासूनच शंका होती. त्यांनी नातीच्या पुस्तकातल्या चित्रावर तळहात ठेवला, तशी दुसरीतली गौरा गप्पच झाली.

“अंदाज हेच खरं वाचन, बाई. तुम्हाला नाही कळायचं,” साहेब हसून म्हणाले.

“असेल बाबा.” बाईंनी पिशवीतून सीमेपलीकडच्या बाजारातला पुडा काढला. अक्षरं सगळी कानडी, मधोमध गाय. “हे तेवढं वाचा.”

“सोपं आहे. दुधाची पावडर.”

बाईंनी त्यातले दोन चमचे साहेबांसाठी आलेल्या चहात ढवळून कप त्यांच्या हातात दिला.

“मला कानडी वाचता येतं म्हणून सांगते, हे गुरांच्या जंतांचं औषध आहे. पण तुमचं वाचन खरं असेल तर खुशाल प्या.”

साहेबांनी कप खाली ठेवला. बाईंनी सही न करताच कागद त्यांच्याकडे सरकवला.