चरवीची नाडी

फार पूर्वी एका वृद्ध वैद्यांकडे एक शिष्य शिकत होता. गाईचे दूध शीतल, म्हशीचे जड, शेळीचे हलके, गाढविणीचे पातळ नि गोड, हे सारे त्याला तोंडपाठ होते आणि कोणी विचारले नाही तरी तो ते ऐकवी. अखेर गुरूंनी पोट बिघडलेला एक व्यापारी त्याच्या हवाली केला. "हा बरा झाला तर तू वैद्य. नाहीतर पुन्हा खल घेऊन बस."

शिष्याने गाईचे धारोष्ण दूध सांगितले. जुलाब थांबेनात. मग शेळी आणवली. तिने व्यापाऱ्याचे उपरणे खाल्ले, पण जुलाब काही थांबेनात. शेवटी गाढवीण दारात उभी राहिली, तेव्हा व्यापाऱ्याची बायको म्हणाली, "आता आणखी जनावर आणलंत, तर ते तुमच्याच घरी बांधा."

शिष्य रडकुंडीला येऊन गुरूंना घेऊन आला. गुरूंनी ना रोग्याकडे पाहिले, ना जनावरांकडे. ज्या चरवीत धार काढत, तिच्या गळ्यावर तीन बोटे ठेवून ते डोळे मिटून बसले. गुरूंना म्हातारचळ लागला, असे वाटून शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"नाडी बिघडलीय ती हिची," असे म्हणून गुरूंनी चरवीच्या तळातून बोट फिरवले आणि शिष्याच्या नाकाखाली धरले. "हे कोणाचं दूध?"

शिष्याचे तोंड वाकडे झाले. "गाईचं... शेळीचं... सगळ्यांचंच."

बायको म्हणाली, "दुधाचं भांडं रितं केलं की लक्ष्मी जाते. सासूबाईंपासून तळाशी घोटभर ठेवतो आम्ही."

गुरू शिष्याकडे वळले. "बाळ, तू सांगितलेले गुण खरे आहेत. पण त्या शिळ्या घोटाला गाय कळत नाही नि शेळीही कळत नाही. वरून जे पडेल, त्याला तो आपल्यासारखं करून टाकतो. चरवी राखेनं घासून उकळत्या पाण्यानं धुवा, उन्हात पालथी घाला. आणि दूध तापवूनच द्या."

"आणि लक्ष्मी?" बायकोने विचारले.

"तिलाही शिळं आवडत नसणार. रोज ताज्या दुधाचा नैवेद्य दाखवा."

शेळीच्याच दुधावर व्यापारी काही दिवसांत हिंडूफिरू लागला. गाढवीण सन्मानाने परत गेली.

"मग मी वैद्य झालो ना?" शिष्याने विचारले. गुरूंनी खलाकडे बोट दाखवले. शिष्य हिरमुसून आपल्या खलापाशी बसला. तळाशी कुठल्याशा जुन्या औषधाचा थर वाळून बसला होता. तो दिसताच शिष्य उठला आणि चुलीतली राख घेऊन आला.

गुरूंनी ते पाहिले आणि पुढचा रोगी त्याच्याकडे पाठवला.