सर्जेराव डेअरीला बीन पोचवतो

कृष्णाकाठच्या एका गावात सर्जेराव नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. सांगितलं तेवढंच करी आणि सांगितलं तसंच करी. लोक त्याला काम सांगायला घाबरत ते त्यामुळेच.

त्याला कुंदाताईंनी कामावर ठेवलं. गिरणीच्या माडीवर त्यांचं कंप्युटरचं ऑफिस होतं. दूध डेअरीसाठी त्या प्रोग्रामचे तयार सुटे भाग बनवत. एक वजन दाखवणारा, एक पावती छापणारा. डेअरीचे कारकून रंगनाथअण्णा ते भाग पडद्यावर हवे तसे मांडणार होते. काम पसंत पडलं तर तालुक्यातल्या सगळ्या डेअऱ्या कुंदाताईंना मिळणार होत्या.

जावा भाषेतल्या अशा सुट्या भागाला बीन म्हणतात आणि बीन बांधायच्या फाईलला जार. हे सर्जेरावला कुणी सांगितलं नव्हतं.

कुंदाताई म्हणाल्या, "सर्जेराव, बीन जारमध्ये भर आणि अण्णांना पोचव."

सर्जेराव मंडईत गेला. बीन मागितले. बाईने फरसबी दिली. ती त्याने धुऊन, देठं काढून काचेच्या बरणीत भरली आणि पोचवली. अण्णांनी बरणी कंप्युटरशेजारी ठेवून बराच वेळ वाट पाहिली. मग घरी नेऊन भाजी केली.

कुंदाताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, आपला माल हातात न्यायचा नसतो. कंप्युटरवरून धाडायचा असतो."

"पटलं," सर्जेराव म्हणाला.

पुढे कुंदाताईंची लेक पास झाली. त्यांनी डेअरीत पेढे द्यायला सांगितले. सर्जेरावने पेढ्यांचा फोटो काढला आणि कंप्युटरवरून धाडला. पेढे हातात न्यायचे नव्हते, म्हणून ते त्याने तिथेच बसून खाल्ले. तिकडे डेअरीतली माणसं पडद्याभोवती उभी राहिली आणि हात हलवत परत गेली.

कुंदाताई म्हणाल्या, "फोटोने कुणाचं तोंड गोड होतं का? ज्याला जे लागतं, ते त्याच्यासोबत द्यावं."

"पटलं," सर्जेराव म्हणाला.

मग वजनाचा बीन धाडायचा होता. सर्जेराव विचार करत बसला. वजनाला दूध लागतं. दुधाला म्हैस लागते. म्हैस काही वायरीतून जाईना. तेव्हा फाईल त्याने कंप्युटरवरून धाडली आणि चुलत्याची म्हैस दाव्याला धरून डेअरीत नेली. हातात न्यायची नव्हतीच, ती आपल्या पायांनी चालत होती. म्हशीने दुधाचे कॅन उपडे केले आणि अण्णांच्या खुर्चीला पाठ घासली. अण्णा खुर्चीतच होते.

कुंदाताईंनी चुलत्याची आणि अण्णांची समजूत घातली. सगळे भाग त्यांनी स्वतः डेअरीत बसवले. मग सर्जेरावला शेजारी बसवून शांतपणे शिकवलं, "हे बघ. पडद्यावर रिकामी जागा दिसली की हवा तो भाग धरायचा, ओढत आणायचा आणि तिथे सोडायचा. नुसताच बसून राहिला, तर उजवीकडून एक टिचकी मारायची. यादी उघडते. नाव, रंग, आकार, सगळं कळतं."

सर्जेरावने ते पाठच केलं. एवढं सरळ काम त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

डेअरीची सभा भरली. तालुक्यातले सगळे डेअरीवाले प्रोग्राम बघायला आले होते. सुरुवात चेअरमन हिंदुरावआबांच्या हस्ते व्हायची होती. आबा फेटा बांधून दारातच कुणाशी तरी बोलत उभे होते. कुंदाताई तारा जोडण्यात गुंतल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सर्जेराव, स्टेजवर आबांची जागा रिकामी दिसतेय. बघ जरा."

सर्जेराव गेला. त्याने आबांना दंडाला धरलं. सगळ्या सभेमधून ओढत आणलं. खुर्चीवर सोडलं.

फेटा वाटेतच राहिला. आबा तोंड वासून समोर बघत राहिले.

नुसताच बसून राहिलाय, हे सर्जेरावच्या ध्यानात आलं. तो आबांच्या उजव्या बाजूला गेला आणि त्यांच्या कानावर एक टिचकी मारली.

आबांना वाचा फुटली. त्यांनी सर्जेरावच्या बापापासून सुरुवात केली, आजा-पणजावरून खापरपणजापर्यंत गेले आणि मग आईकडच्या बाजूला वळले.

सर्जेराव मन लावून ऐकत होता. मग त्याने समाधानाने कुंदाताईंकडे पाहिलं.

"ताई, यादी उघडली," तो म्हणाला. "पण यात सगळी नावं आमच्याच घरातली आहेत."